एकसष्ट पाकळ्यांचा बोतान

हिगाशिसावा, इवाते
३ जून १९७८

दाइकोन बेटावरच्या बोतानवाल्यांच्या संघास,

मी उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका लहान गावात घड्याळं दुरुस्त करतो. फुलांमधलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरी एका फुलझाडाचं नाव शोधून द्या, एवढ्याचसाठी हे पत्र.

१९५७ च्या शरदात तुमच्या बेटावरची एक फेरीवाली बाई पाठीवर रोपांची जुडी घेऊन आमच्या गावात आली होती. पाऊस होता म्हणून माझ्या दुकानात टेकली. माझ्या बायकोने, किनुने, तिच्याकडून बोतानचं एक रोप घेतलं. रोपाला कागदाची चिठ्ठी होती आणि तीवर ‘सुमीबेनी’ असं लिहिलेलं होतं. फूल काळपट लाल येईल, दुकानाच्या दारात शोभेल, असं ती बाई म्हणाली. तिसऱ्या वसंतात फूल आलं ते पांढरं. मी किनुला म्हटलं, फसलीस. आणि ते पुढे दर वर्षी म्हणत आलो.

किनु गेल्या फेब्रुवारीत वारली. इस्पितळात असताना एकदा तिने विचारलं, “लाल नाही ते तर दिसतंच आहे. पण मग त्याचं खरं नाव काय असेल हो?” मी म्हटलं, विचारतो कुणाला तरी. तेवढं करायचं राहिलं आहे.

झुडूप आता माझ्या छातीइतकं आहे. यंदा अकरा फुलं आली. रंग पांढरा, पण आत शिंपल्याच्या आतल्या बाजूला असते तशी गुलाबी झाक. रुंदी एकोणीस सेंटिमीटर. पाकळ्या एकसष्ट. मोजून लिहितो आहे.

घाई अशासाठी की दुकानासमोरचा रस्ता रुंद होणार आहे. सप्टेंबरअखेर झुडूप हलवावं लागेल. त्यात त्याला काही झालं तर मग विचारायलाही काही उरणार नाही.

ओइकावा तोकुहेई

*

दाइकोन बेट, शिमाने
२० जून १९७८

ओइकावा यांना,

संघातल्या पोरांनी तुमचं पत्र माझ्याकडे आणून दिलं, कारण इवातेचा उत्तर भाग पूर्वी माझ्या फेरीत होता. मी कादोवाकी तोमे. वय एकाहत्तर. गुडघे गेले, डोळे आहेत. सतरा वर्षं फेरीवर होते, आता घरीच कलमं बांधते.

आधी तुमच्या पत्नीबद्दल. वाईट वाटलं. जाता जाता माणूस फुलाचं नाव विचारतं, म्हणजे ते झाड तिने नीट सांभाळलं असणार.

आता कामाचं. पहिली शंका ही की तुमच्या दारात आहे तो बोतानच का? बोतानची काडी आम्ही शाकुयाकुच्या, म्हणजे त्याच्याच भावकीतल्या एका बिनखोडाच्या फुलझाडाच्या, मुळावर बांधतो. पुष्कळदा वरची काडी मरते, खालचं मूळ फुटतं आणि माणसं वर्षानुवर्षं भलतंच झाड जपत बसतात. शाकुयाकु हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरतं. तुमचं झुडूप हिवाळ्यात काटक्यांसारखं उभं राहतं का? राहत असेल तर बोतान.

मग पुढचं सांगा. पुंकेसरांचे तंतू पांढरे की जांभळट? पाकळीच्या बुडाशी डाग आहे का? फूल मान वर धरतं की पानांत लपतं? वास कसला? वसंतातला पहिला कोंब कुठल्या रंगाचा? एक पूर्ण पान, देठासकट, वहीत दाबून पाठवा. पांढऱ्या जाती माझ्याकडेच बावीस आहेत. नुसतं ‘पांढरा’ म्हणून सांगणं म्हणजे हरवलेल्या माणसाबद्दल ‘त्याला दोन पाय होते’ असं सांगण्यासारखं आहे.

आणखी एक. तुमचं दुकान पुलाच्या अलीकडे की पलीकडे?

कादोवाकी तोमे

*

हिगाशिसावा
२ जुलै १९७८

कादोवाकीबाईंना,

हिवाळ्यात काटक्या उभ्या राहतात. म्हणजे बोतान.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देताना मला पहिल्यांदाच कळलं की हे झाड मी अठरा वसंत नुसतं ओलांडत आलो आहे. मेमध्ये दोन-चार दिवस बघितलं तेवढंच काय ते. तरी सांगतो. तंतू खाली जांभळट, वर पांढरे. बुडाशी डाग आहे, पण तो बाहेरच्या काही पाकळ्यांनाच, आतल्यांना नाही. मान वर धरतं. वास मला येत नाही, तरुणपणापासून पेट्रोलमध्ये घड्याळं धुतली, नाक कामातून गेलं. शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, पिकायला आलेल्या नासपतीसारखा. कोंबाचा रंग तिलाही आठवत नाही. किनुला ठाऊक असता.

पान सोबत आहे. त्याची मापं कॅलिपरने घेऊन मागे लिहिली आहेत.

दुकान पुलाच्या अलीकडे, दुसरं घर. पण त्या बाईला तुम्ही ओळखत असाल असं वाटत नाही. ठेंगणी, डोक्याला निळं फडकं, अखंड बोलणारी. मी हातात घड्याळ उघडून बसलो होतो, तर मलाच विचारते, “एवढ्या बारीक चाकांत कुठलं चाक कुठलं ते कळतं कसं तुम्हाला?” आणि स्वतःला कुठलं रोप कुठलं ते ठाऊक नव्हतं. त्या फसवणुकीनंतर गावात कुणीतरी तक्रार केली आणि फेरीवाल्यांना गाव बंद झालं, असं ऐकलं.

तुमच्या बावीस जातींपैकी ही कुठली ते कळवा.

ओइकावा

*

दाइकोन बेट
१६ जुलै १९७८

घड्याळजी,

ती ठेंगणी, अखंड बोलणारी बाई मीच. निळं फडकं अजून आहे.

पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं, पण पुलाच्या अलीकडचं दुसरं घर याची खात्री करून घेतल्याशिवाय हिंमत झाली नाही. आता सगळं सांगते.

माझे वडील बियांपासून नवे बोतान करत. बी पेरल्यापासून फूल बघायला सहा-सात वर्षं जातात आणि शंभरातली नव्वद रोपं उपटून टाकायच्या लायकीची निघतात. १९३८ साली तिसऱ्या वाफ्यातल्या एका रोपाला पहिलं फूल आलं. नऊ पाकळ्या, पांढऱ्या, बुडाशी जांभळा डाग. वडील त्या दिवशी जेवायलाही आले नाहीत. आई म्हणाली, नऊ पाकळ्यांत एवढं काय आहे? ते म्हणाले, “हे अजून उघडलेलंच नाही.” म्हणजे काय ते कुणाला कळलं नाही. मग लढाईत वाफे खणून रताळी लावायचा हुकूम आला. वडील त्रेचाळीस साली गेले. त्या झाडाची एक काडी मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे दुसऱ्या मुळावर बांधून जगवली. दर चार-पाच वर्षांनी नवं कलम करायचं आणि जुनं काढून टाकायचं, एवढीच जागा होती. फुलं यायची ती नऊच पाकळ्यांची. मला वाटायचं, वडील वेडेच होते.

सत्तावन साली शरदात नवऱ्याने माझी जुडी बांधली आणि ते एकुलतं एक रोप चुकून विकायच्या रोपांत घातलं. तुमच्या डोंगराच्या पायथ्याशी धर्मशाळेत मी उतरले, तिथे छप्पर गळत होतं. सकाळी बघते तर वीस रोपांच्या चिठ्ठ्यांचा लगदा. पानं गळलेली, नुसत्या काड्या. मी अंदाजाने नव्या चिठ्ठ्या बांधल्या. तुम्ही त्याला फसवणूक म्हणता. मीही तेच म्हणते.

घरी परतल्यावर खुराड्यामागची जागा रिकामी दिसली. ती वीस रोपं मी चार गावांत विकली होती. पुढच्या तीन वर्षांत तीन गावं पुन्हा फिरले, एकेक दार वाजवून फुलं पाहिली. सगळी ओळखीची निघाली. चौथं गाव तुमचं. तिथे स्टेशनाबाहेर शिपायाने अडवलं, कागद दाखवला आणि परतीच्या गाडीत बसवलं. दोनदा.

म्हणून तुमचं पत्र आलं त्या दिवशी हातातली कलमाची सुरी मी खाली ठेवली. पण तुम्ही म्हणता एकसष्ट पाकळ्या. वडिलांचं फूल नऊचं. माझ्या बावीस जातींशी पान ताडून पाहिलं, एकाशीही जुळत नाही. जांभळा डाग अनेकांना असतो, त्यावरून काही ठरत नाही. तेव्हा तुमच्याकडचं झाड ते नव्हे, आणि ते कुठलं हे मला सांगता येत नाही. तुमच्या पत्नीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माफ करा.

तोमे

*

हिगाशिसावा
२८ ऑगस्ट १९७८

कादोवाकीबाई,

इतके दिवस उत्तर दिलं नाही. आता दोन गोष्टी लिहायच्या आहेत आणि सोपी गोष्ट आधी घेतो.

रस्त्यासाठी दुकानाचा पुढचा भाग पाडणार म्हणून सामान काढत होतो. किनुच्या शिवणाच्या पेटीत शाळकरी मुलांची असते तशी एक वही सापडली. परसातल्या भाज्या कधी पेरल्या, बर्फ कधी वितळलं, असं सगळं तीत आहे. बोतानसाठी शेवटची पानं राखली होती. त्यातलं जसंच्या तसं उतरवतो.

‘१९६०. एकच फूल. इवलंसं. नऊ पाकळ्या, बुडाशी वांग्याच्या रंगाचा ठिपका. हे म्हणतात, फसलीस. असेन. मला आवडलं.’

‘१९६३. तीन फुलं. चौदा पाकळ्या. मोजायला चुकले म्हणून पुन्हा मोजल्या. चौदाच.’

‘१९६८. सात फुलं. सव्वीस.’

‘१९७३. नऊ फुलं. चाळीसच्या वर. आत काहीतरी चाललंय याच्या.’

‘१९७७. अकरा. अठ्ठावन्न. ठिपका आता शोधावा लागतो.’

आणि एका कोपऱ्यात, साल नाही: ‘कोंब शेंदरी, तांब्याच्या भांड्यासारखा.’

मला फुलांतलं कळत नाही, पण आकडे कळतात. हे तुमच्या वडिलांचं झाड आहे की नाही ते तुम्ही ठरवा. ठरवायला वेळ लागला तर कलमाचा हंगाम निघून जाईल असं इथल्या रोपवाटिकेतला माणूस म्हणाला. म्हणून तुमच्या उत्तराची वाट न पाहता त्याच्याकडून बारा काड्या कापून घेतल्या. ओल्या शेवाळात, वर्तमानपत्रात आणि वर मेणकापडात गुंडाळून आजच्याच गाडीने पाठवतो आहे.

आता दुसरी गोष्ट. तक्रार ‘कुणीतरी’ केली नव्हती. मी केली. फूल येण्याची वाटही पाहिली नाही. तुम्ही गेल्यावर आठवड्याने वर्तमानपत्रात वाचलं की फेरीवाले चिठ्ठ्या बदलून रोपं विकतात. मी गाव-कार्यालयात जाऊन अर्ज दिला आणि बाजारपेठेतल्या नऊ दुकानदारांच्या सह्या गोळा केल्या. किनुला सांगितलं नाही. ती दर शरदात दारात उभी राहून म्हणायची, बेटावरच्या त्या बाई आल्या नाहीत परत, त्यांना हे फूल दाखवायचं होतं. मी चिमटा हातात घेऊन काम करत राहायचो.

ओइकावा तोकुहेई

*

दाइकोन बेट
९ सप्टेंबर १९७८

ओइकावा यांना,

काड्या तिसऱ्या दिवशी पोचल्या. बारापैकी दोन वाळल्या होत्या, तीन बारीक होत्या. सात बांधल्या. दर कलमाआधी उठून चहा घेतला. सात कप झाले.

झाड वडिलांचंच आहे. शेंदरी कोंबावरून तर आहेच. तांब्याचं भांडं हे शब्द माझ्या आईचेही होते. पण मुख्य म्हणजे वहीतले आकडे. बोतान तरुण असताना खरं रूप दाखवत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. चार-पाच वर्षांत फूल भरतं. वीस वर्षं भरतच राहणारं मात्र मी पाहिलं नव्हतं. पाहणार कशी? आम्ही झाड दोन-तीन वर्षांचं झालं की विकतो. हे एक ठेवलं होतं, तर तेही मीच दर पाच वर्षांनी नव्याने बांधून पोरवयाचंच ठेवत गेले. ‘अजून उघडलेलंच नाही’ याचा अर्थ मला आज, चाळीस वर्षांनी कळला. तुमची पत्नी त्याला हलवत नव्हती, छाटत नव्हती, नुसती मोजत होती. म्हणून ते उघडलं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर आता देते. त्याला नाव नाही. वडिलांनी ठेवलंच नाही. घरात आम्ही ‘तिसऱ्या वाफ्यातलं’ म्हणायचो.

झुडूप हलवताना मुळाभोवती हातभर माती राहू द्या. मुळं तोडू देऊ नका.

तोमे

*

हिगाशिसावा
१४ नोव्हेंबर १९७८

कादोवाकीबाई,

झुडूप २६ सप्टेंबरला देवळाच्या आवारात हलवलं. खणायला रस्त्यावरचे मजूर आले होते. मी सांगत होतो तरी एक जाड मूळ पहारीखाली गेलं. पुरोहितांनी भाताच्या पेंढ्यांनी नीट गुंडाळून दिलं आहे. काल पहिलं बर्फ पडलं.

किनुच्या थडग्यावर जाऊन तिला सांगितलं, तिसऱ्या वाफ्यातलं. मोठ्याने बोलायला लाजल्यासारखं झालं, पण सांगितलं.

सोबत इकडच्या तिळाच्या चकत्या आहेत. दातांना जड आहेत, चहात बुडवून खा.

माझ्या गेल्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. न लिहिण्याचा तुम्हाला हक्क आहे. तरी टपालवाला आला की मी दारापर्यंत जातो.

ओइकावा

*

हिगाशिसावा
३० एप्रिल १९७९

कादोवाकीबाई,

हिवाळाभर तुमचं पत्र आलं नाही. चकत्या पोचल्या की नाही तेही कळलं नाही. पण आज लिहायलाच हवं.

मार्चअखेर पेंढा काढला तेव्हा कोंब दिसले. शेंदरी होते, किनुने लिहिलं होतं तसेच. मी रोज सकाळी देवळात जाऊन बघत होतो. एप्रिलच्या मध्यावर ते वाढायचे थांबले, मग टोकाकडून काळे पडायला लागले. रोपवाटिकेतल्या माणसाने काल साल खरवडून पाहिली. आत हिरवं कुठेच नाही. तुटलेल्या मुळापासून सड वर चढली असं तो म्हणाला.

झाड मेलं. बावीस वर्षांपूर्वी मी तुम्हाला गावाबाहेर घालवलं नसतं तर ते तुमच्याकडे गेलं असतं, आणि रस्ता तिथे आला नसता. असा हिशेब मी दिवसभर करतो आहे. तुमची सात कलमं कशी आहेत, ते विचारायचा धीर होत नाही.

ओइकावा तोकुहेई

*

दाइकोन बेट
१२ मे १९७९

घड्याळजी,

चकत्या पोचल्या होत्या. एक दात गेला.

पत्र लिहिलं नाही कारण काय लिहायचं ते ठरत नव्हतं. तक्रारीचा राग आला होता, खूप आला होता. स्टेशनावर दुसऱ्यांदा परत फिरवलं तेव्हा जुडी पाठीवर तशीच होती, आणि गाडीतली माणसं चोराकडे बघावं तशी बघत होती. ते तुम्ही केलं. पण चिठ्ठ्या मीच खोट्या बांधल्या होत्या. हिवाळाभर कधी तुम्हाला शिव्या घातल्या, कधी स्वतःला. शेवटी कंटाळा आला. आणि तो हिशेब सोडा. माझ्याकडे आलं असतं तर मी ते परत खुराड्यामागे लावलं असतं आणि पाच वर्षांनी तोडलं असतं. नऊ पाकळ्या, दहावी नाही.

सातपैकी तीन कलमं जगली. पानं चांगली तकतकीत आहेत. एकाहून जास्त असल्याने यंदा मला झोप लागते. भाच्याला बजावून ठेवलं आहे की यातलं निदान एक तरी विकायचं नाही, हलवायचं नाही, त्याच्या मुलांनीही नाही.

पण आता माझं ऐका. या रोपांना दोन-तीन वर्षांत फूल येईल, ते नऊ पाकळ्यांचं. एकसष्टला वीस वर्षं लागतील. मी बहात्तर वर्षांची आहे. वडिलांनी ते फूल मनातल्या मनात पाहिलं, प्रत्यक्ष पाहायला मिळालं नाही. तुमची पत्नी गेली. शेजारणीने नुसता वास घेतला. नीट मोजून, बघून, हातात घेऊन पाहिलेलं जिवंत माणूस आता एकच आहे, आणि ते अठरा वर्षं त्याला फसवणूक म्हणत होतं.

तक्रारीची भरपाई करायची असेल तर ते फूल मला लिहून पाठवा. मापं नकोत. कसं होतं ते सांगा.

तोमे

*

हिगाशिसावा
२७ मे १९७९

कादोवाकीबाई,

पाच वेळा लिहून पाच वेळा फाडलं. असलं लिहायची सवय नाही. चूक वाटेल तिथे सोडून द्या.

सकाळी कळी मुठीसारखी असायची. दुकान उघडताना मी बाजूने जायचो. दहाच्या सुमाराला ऊन त्यावर येई आणि पाकळ्या सुटायला लागत, सगळ्या एकदम नाहीत, बाहेरच्या आधी. दुपारी पूर्ण उघडलं की ते पांढरं आहे असं म्हणवत नसे. आतून दिवा लावल्यासारखं दिसे. संध्याकाळी पुन्हा मिटे, पण पूर्वीइतकं घट्ट नाही. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी सगळ्या पाकळ्या एकदम खाली. त्याचा आवाज होतो हे ठाऊक आहे का तुम्हाला? भिंतीवर वीस घड्याळं टिकटिकत असताना तो मला ऐकू येई. दारात कुणी आलंसं वाटून मी मान वर करी. किनु आतून म्हणे, “कुणी नाही हो, ते फूल गळलं.”

आता एक गोष्ट जी मी तुमच्यापासून लपवली. पहिल्या पत्रात मी एकसष्ट पाकळ्या मोजून लिहिल्या. किनुला जमायचं, पण मला झाडावरच्या फुलात मोजताच येईनात, एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात. म्हणून मी एक फूल कापलं आणि कामाच्या टेबलावर घेऊन घड्याळ उघडतो तसं उघडलं. आतून बाहेर. एकेक पाकळी चिमट्याने काढून, काढल्या क्रमाने वर्तमानपत्रावर ओळीत मांडली. ते शेवटचं वर्ष आहे हे तेव्हा माहीत असतं तर कापलं नसतं.

सगळ्यात आतल्या पाकळ्या अरुंद होत्या, दोरीसारख्या पिळलेल्या. काहींच्या टोकाला पिवळा पराग चिकटलेला होता, जणू पुंकेसर व्हायचं की पाकळी हे त्यांचं ठरलं नव्हतं. बाहेर येत जावं तशा त्या रुंद, शांत. गुलाबी झाक मधल्या ओळींत होती. बावन्न काढून झाल्यावर मी थांबलो, कारण देठावर अजून एक फूल शिल्लक होतं. नऊ मोठ्या पाकळ्या, स्वच्छ पांढऱ्या, प्रत्येकीच्या बुडाशी जांभळा डाग, वाटीसारख्या उभ्या. मला काही कळलं नाही. तेव्हा किनुची वही सापडली नव्हती, तुमच्या वडिलांचं मला ठाऊक नव्हतं. मी त्याही काढल्या, मोजल्या, आणि पत्रात एकूण आकडा लिहिला.

तुमचं पत्र आल्यापासून रोज तेच डोळ्यांसमोर येतं आहे. ते फूल गेलं नव्हतं. बाकीच्या बावन्न त्याच्या आत आल्या, आणि ते शेवटपर्यंत बाहेरून त्यांना धरून होतं.

ओइकावा तोकुहेई